मूळ कुणाचं, आपलं कुणाचं: ऐकता ऐकता शिकलेल्या अकरा गोष्टी

उरणमध्ये गाण्यावरून वाद घालायला निमित्त लागत नाही. लाँचमध्ये, चहाच्या टपरीवर, हळदीच्या मांडवात, कुठेही दोन ऐकणारे भेटले की सुरुवात होते. आमचाही असा एक कंपू आहे. कोणी बंदरात नोकरीला, कोणी शाळेत शिक्षक, एकाची स्वतःची बोट. गप्पांचे विषय मोजून दोन. कुणाचं गाणं दुसऱ्या कुणी झकास म्हटलं, आणि कुणाला आपण समोर बसून ऐकलं. इतकी वर्षं भांडून जे हाती लागलं ते इथे क्रमाने मांडतो.

१. मूळ गाणं नंतर भेटलं तरी चालतं

आगरी-कोळी घरात हळदीची रात्र लग्नाइतकीच मोठी. मांडवाबाहेर बेंजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोल-ताशे, आणि नाचणारी अख्खी आळी. आमच्या पिढीने कित्येक हिंदी-मराठी गाणी आधी अशी ऐकली. ज्यांनी ती मूळ गायली त्यांचा आवाज पुढे कधीतरी कॅसेटवर किंवा रेडिओवर भेटला. बेंजोला शब्द नसतात, त्यामुळे चाल आधी अंगात भिनली आणि शब्द मागाहून आले. म्हणून 'मूळ गाण्याची सर नाही' हे वाक्य आमच्या तोंडी सहज येत नाही. गाणं समोरच्या माणसांना उठवतं की बसवतं, एवढंच बघायची सवय लागली, आणि ती सवय चांगली आहे असं माझं आजही मत आहे.

२. वाजवणाऱ्याची बोटं बघा

बेंजोला हलकं समजणाऱ्यांनी एकदा वाजवणाऱ्याच्या शेजारी उभं राहावं. वाद्य आडवं ठेवलेलं. डाव्या हाताखाली टाइपरायटरसारखी बटणं, उजव्या हातातल्या छोट्या पट्टीने तारा छेडायच्या. याचं कूळ जपानचं. 1912 साली नागोया शहरात 'ताइशोगोतो' नावाचं वाद्य तयार झालं, ते आपल्याकडे बुलबुलतरंग म्हणून रुळलं, आणि पुढे त्याला पिकअप लावून लाउडस्पीकरला जोडलं की झाला मांडवातला बेंजो.

आता अडचण बघा. 2016 च्या 'सैराट'साठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडमध्ये जाऊन तिथला वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. त्यातल्या 'याड लागलं' गाण्यात व्हायोलिनचा स्वर लांबत जातो. बेंजोची तार मात्र छेडली की लगेच विझते. मग आमच्याकडचा वाजवणारा काय करतो? एकाच स्वरावर पट्टी इतकी भराभर फिरवतो की तुटक तुटक ठोक्यांचा एक सलग धागा होतो. मध्येच कीबोर्डवाला खालून हलकेच तोच स्वर धरतो. पंचवीस-तीस व्हायोलिनवाल्यांचं काम दोन माणसं करतात, तेही वर्‍हाडी अंगावर नाचत असताना. याला नक्कल म्हणायचं तर म्हणा, पण नक्कल करताना जी अडचण सोडवावी लागते, कला तिथेच असते.

३. काय बदललं ते सांगता आलं पाहिजे

'छान गायलंय' यावर आमच्या कंपूत कोणी गप्प बसत नाही. छान म्हणजे काय, लय बदलली की पट्टी, जागा नवी घेतली की जुनीच नीट घेतली, हे सांगावं लागतं. असं ऐकायला शिकायचं असेल तर 'कट्यार काळजात घुसली'पासून सुरुवात करावी. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे नाटक 1967 साली रंगभूमीवर आलं, संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं. त्यात 'घेई छंद मकरंद' हे एकच पद दोन चालींत येतं, एक नाटकातल्या पंडितजींच्या घराण्याची आणि एक त्यांच्या प्रतिस्पर्धी खाँसाहेबांच्या. शब्द तेच, पण एकात ठेहराव आहे आणि दुसऱ्यात झेप. नाटकातला सगळा झगडाच त्या फरकात आहे.

खाँसाहेब उभे केले वसंतराव देशपांडे यांनी. 2015 साली सुबोध भावे यांनी चित्रपट केला, तेव्हा पडद्यावरच्या खाँसाहेबांसाठी गायला वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे होते. आजोबांची पदं नातवाने गायची आणि तुलना होणार हे ठाऊक असून गायची! आमच्यातल्या शिक्षक मित्राचं म्हणणं, राहुल यांनी आजोबांची आक्रमकता घेतली पण श्वास स्वतःचा ठेवला. बोटवाला मित्र म्हणतो, मला वसंतरावच हवेत. दोघांचंही मी ऐकून घेतो, कारण दोघंही नेमकी जागा दाखवून भांडतात.

४. पहिली प्रत शेवटची नसते

'गीतरामायण' म्हटलं की कानात सुधीर फडके यांचाच आवाज येतो. पण 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून ही मालिका सुरू झाली तेव्हा गाणी वेगवेगळ्या गायकांच्या तोंडी होती. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर अशी ती नावं. कवी गदिमा आठवड्याला एक गीत लिहीत, बाबूजी म्हणजे फडके चाल बांधत, आणि अशी 56 गीतं झाली. पुढे बाबूजींनी ती सगळी स्वतः, एकट्याने, गावोगावच्या मंचांवर गायली आणि घराघरांत त्यांचाच आवाज बसला. म्हणजे लोक ज्याला मूळ समजतात, तीच कितीतरी गीतांच्या बाबतीत नंतरची प्रत आहे. संगीतकाराने आपलीच चाल परत म्हटली आणि ती पहिलीहून पक्की ठरली.

यावरून मी एक पथ्य पाळतो. कुणाच्या आवडत्या आवृत्तीला 'ती मूळ नव्हेच' असं म्हणून तोंडावर पाडायचं नाही. माहिती सांगावी, आवड खोडू नये.

५. कॅसेटवर दुसऱ्याची गाणी म्हणणाऱ्यांना नावं ठेवू नका

ऐंशीच्या दशकात बाजारात स्वस्त कॅसेटी आल्या. वर मोठ्या गायकाचं नाव ठळक, आणि गाणारा दुसराच. जाणकार नाकं मुरडायचे. पण किशोरकुमारची गाणी गाणाऱ्या कुमार सानू यांना आणि रफींची गाणी गाणाऱ्या सोनू निगम यांना घराघरांत पोचवण्यात याच कॅसेटींचा मोठा वाटा होता. दुसऱ्याचं गाणं शेकडो वेळा गळ्यातून काढणं हा रियाजच.

कायद्यानेही याला वाट ठेवली होती. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात ठरावीक मुदतीनंतर, मानधन भरून, गाणं नव्याने ध्वनिमुद्रित करता येत असे. 2012 च्या दुरुस्तीने नियम कडक झाले. आता मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षं थांबावं लागतं, निदान 50,000 प्रतींचं मानधन आगाऊ भरावं लागतं, आणि हे मूळ गायकाचं गाणं आहे असा समज होईल असं वेष्टन चालत नाही. हा शेवटचा नियम मला सगळ्यांत पटतो. गा, पण आपल्या नावाने गा.

६. वाडीतून गेलेलं गाणं वाडीत परत येतं

नारळी पौर्णिमेला उरणमध्ये मोऱ्याच्या किंवा करंजाच्या बाजूला गेलात तर 'मी डोलकर' एकदा तरी कानावर पडेलच. शब्द शांता शेळके यांचे, चाल हृदयनाथ मंगेशकर यांची, आवाज लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांचे. कोळ्यांच्या बोलीचा आणि ठेक्याचा बाज कवयित्रीने आणि संगीतकाराने उचलला आणि एका बंगाली गायकाने तो गायला. तबकडी वाजली, आणि ते गाणं किनाऱ्यावर परतलं. आज कोळीवाड्यातली पोरं ते आपलं म्हणूनच नाचतात आणि बेंजोवाला त्याला आपला ठेका देतो. मग नक्कल कोणी कोणाची केली? आमच्या कंपूत या प्रश्नावर एकमत झालेलं नाही. बोटवाल्याला विचारलं तर म्हणतो, "गाना आमचाच, तुमी रेकॉर्ड केलाव इतकाच."

याच्याही मागे जायचं तर धवला ऐकावा. आगरी लग्नात धवलारीण एकेक विधी गाण्यातून पार पाडते. मांडव, हळद, देवांना आवतण, प्रत्येकाचं गाणं वेगळं. भटजी येण्याआधीच्या काळापासून हे चालत आलंय असं आमच्याकडची म्हातारी माणसं सांगतात. आमच्या नात्यातल्या एक आजी धवला धरायच्या. डोळे मिटून, तालाला काही नाही, सोबत दोन-तीन बायका. आजी ओळ टाकायच्या, बाकीच्या झेलायच्या. घराण्याची नावं, गावाचं नाव, वराचं नाव जिथल्या तिथे बदलत जायचं. एकदा कोणीतरी विचारलं, "आजी, हे मूळ कुणाचं?" त्या म्हणाल्या, "माझे सासूचा. तिचे सासूचा." तिथे प्रश्न संपला. या गाण्यांना पहिली प्रत नाहीच. प्रत्येक लग्नात ती नव्याने म्हटली जातात, म्हणून टिकली. आता धवलारणी कमी उरल्यात आणि लग्नात डीजेच्या आवाजापुढे त्यांचं गाणं ऐकू येत नाही. घरात म्हातारी असेल तर फोन बाजूला ठेवून ऐका, आणि मग फोन चालू करून ध्वनिमुद्रणही करा. दोन्ही करा.

७. आपली पट्टी आपणच ठरवायची

हल्ली कराओकेचे गट झालेत. छोटा हॉल घ्यायचा, वर्गणी काढायची, प्रत्येकाची दोन-तीन गाणी. मला हे मनापासून आवडतं. निवृत्त माणसं नवे शर्ट घालून येतात, बायका आठवडाभर वहीत शब्द उतरवून आणतात. फक्त एकच गडबड वरचेवर दिसते. ट्रॅक मूळ पट्टीत असतो आणि गळा तिथवर जात नाही. मुखडा निभतो, अंतऱ्याला शिरा ताणल्या जातात.

हार्मोनियमवर बसून आधी बघावं की अंतऱ्यातला सगळ्यांत उंच स्वर सहज लागतो का. न लागल्यास ट्रॅक दोन सूर खाली घ्यावा. फार खाली ओढला तर वाद्यं गढूळ ऐकू येतात, तेव्हा गाणंच बदललेलं बरं. आमच्या भजनातले बुवा हे काम कधीच यंत्रावर सोडत नाहीत. पेटीवाल्याला बोट दाखवलं की तो काळी दोनवरून काळी एकवर येतो आणि पखवाजवाला लगेच शाई-कणीक सांभाळून सूर मिळवतो. सिनेमाच्या चालीवर अभंग बसवला म्हणून बुवांवर टीका होते, पण गळ्याला झेपेल असं गाणं कसं मांडायचं ते त्यांच्याकडूनच शिकावं.

८. तिकिटाआधी परतीचं बघा

उरणकराच्या प्रत्येक मैफलीच्या आठवणीत गाणं अर्धं असतं आणि प्रवास अर्धा. दादरला शिवाजी मंदिरात नाट्यसंगीत ऐकायचं तर जाताना मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरणं सोपं, पण रात्री परतायला लाँच नाही. मग लालबागच्या मावशीकडे मुक्काम किंवा एसटीने वळसा. दिवसाही ओहोटीला मोऱ्याच्या धक्क्याशी गाळामुळे लाँच लागायची अडचण, आणि पावसाळ्यात धोक्याचा बावटा लागला की सगळंच बंद. आमच्याकडे कॅलेंडरवर मैफलीच्या तारखेशेजारी भरती-ओहोटी लिहिणारी माणसं होती. अरुण दाते यांची 'शुक्रतारा'ची मैफल मध्यंतरातच सोडून निघालेले एक काका अजून हळहळतात. उरलेला भाग कसा झाला ते इतरांकडून ऐकून ऐकून त्यांना तो पाठ झालाय.

12 जानेवारी 2024 ला खारकोपरहून पुढे उरणपर्यंत लोकल सुरू झाली आणि त्याच दिवशी अटल सेतूचंही उद्घाटन झालं. नेरूळ एका गाडीत आलं. तरीही शेवटची उरण गाडी बघूनच तिकीट काढावं. मंचावरचा गायक 'आणखी एक' म्हणतो तेव्हा मध्य रेल्वे त्याच्यासाठी थांबत नाही.

९. स्टेडियममध्ये आवाज कुठे चांगला येतो ते शोधा

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममुळे जगातल्या मोठ्या मैफली आमच्या दारात आल्या. 2017 मध्ये जस्टिन बीबर, 15 डिसेंबर 2019 ला यूटू, आणि जानेवारी 2025 मध्ये 18, 19 आणि 21 तारखेला कोल्डप्ले. यूटूच्या मंचावर ए. आर. रहमान आले, तो क्षण आमच्यातल्या एकाला त्या रात्रीतल्या सगळ्या प्रसिद्ध गाण्यांपेक्षा जास्त आठवतो. तो म्हणतो, सत्तर टक्के इंग्रजी शब्द मला कळले नव्हते, पण आपला माणूस दिसला आणि गळा भरून आला.

अशा ठिकाणी एक शास्त्र कामी येतं. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. मंचापासून शंभर मीटरवर उभे असाल तर पडद्यावर गायकाचे ओठ आधी हलतात आणि आवाज जवळपास पाव ते एक-तृतीयांश सेकंदाने येतो. म्हणून मैदानात मध्येमध्ये स्पीकरचे मनोरे उभारतात आणि त्यांतून जाणारा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात, म्हणजे पुढचा आणि मागचा आवाज कानात एकत्र पोचतो. सगळ्यांत नीट ऐकू येणारी जागा बहुधा साउंडवाल्याच्या टेबलापाशी असते, कारण तो तिथे उभा राहूनच सगळं जुळवतो. पुढे रेटारेटी करण्यापेक्षा तिथे उभं राहावं.

फोनबद्दल मी उपदेश करत नाही. एक गाणं टिपा, बाकीची ऐका, एवढंच सांगतो. आपल्याच ओरडण्याचा आवाज भरलेलं चित्रण घरी कोणी दुसऱ्यांदा बघत नाही.

१०. दहा वाजता थांबावं आणि वाजवणाऱ्याला वेळेत पैसे द्यावेत

ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. दहाला बेंजो थांबवायचा म्हटलं की हळदीत भांडणं होतात. यावर मला दिसलेला उपाय एकच, आठला सुरू व्हायचं. पाहुणे जेवत बसतात आणि दहाला पाच मिनिटं कमी असताना सगळ्यांना नाचायची हुक्की येते, त्यात बेंजोवाल्याचा काय दोष?

दुसरं, लग्नाच्या वरातीत आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभात गाणी वाजवण्याला कॉपीराइट कायद्याने सूट दिलीय. म्हणजे गाणं फुकट मिळतं. निदान वाजवणाऱ्याला तरी मोल द्या. एका मंडळाने उत्सव झाल्यावर कलाकारांना महिनोन्‌महिने 'उद्या या' म्हणून फिरवलेलं मी जवळून पाहिलंय. त्या ताशेवाल्यांनी पुढच्या वर्षी सुपारी घेतली नाही, आणि मग तेच लोक 'पूर्वीसारखं वादन उरलं नाही' म्हणून हळहळले.

११. आठवण सांगणाऱ्याला तीनच प्रश्न विचारा

8 जुलै 1921 ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनीच्या भूमिकेत, केशवराव भोसले धैर्यधराच्या. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे दोन सम्राट एका रंगमंचावर. त्यानंतर तीन महिन्यांत केशवराव गेले. ती रात्र ज्यांनी पाहिली त्यातलं आज कोणी नाही, ध्वनिमुद्रण नाही, तरी मराठी माणूस तिच्याबद्दल अजून बोलतो, कारण पाहिलेल्यांनी ते पुढच्यांना सांगितलं आणि त्यांनी त्याच्या पुढच्यांना.

सांगताना गोष्ट वाढतेच. आमच्या कंपूत एका मैफलीची गर्दी दर दिवाळीला हजाराने वाढते. त्याला हरकत घेऊ नये. त्याऐवजी सांगणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात. तू कुठे बसला होतास? कोणत्या गाण्याला अंगावर काटा आला? आणि तुझ्यासोबत कोण होतं? पहिल्या दोन उत्तरांत संगीत कळतं. तिसऱ्याला मात्र माणूस थांबतो आणि मग गाण्याबद्दल न बोललेलं बरंच काही सांगून जातो.

शक्य असेल तर हे तिकिटाच्या मागेच लिहून ठेवा. मैफलीची तारीख, गाण्यांची यादी, कलाकारांची नावं उद्या कुठेही सापडतील. शेजारच्या खुर्चीवर कोण होतं, हे मात्र तुम्ही लिहिलं नाही तर कोणालाच सापडणार नाही.